मदतीसाठी गाणं: लाजायचं कोणी?



आजचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या घरी चालत आला. तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी आपल्या लोणारमधल्याच एका शाळेतली नववी-दहावीची पाच-सहा पोरं आली. दोन मुली, बाकी मुलगे, आणि एकीच्या हातात शंभर पानी वही. शाळेत गाण्याचा कार्यक्रम करायचाय म्हणाली. कशासाठी, तर यंदाच्या पावसात नाल्याचं पाणी शिरून त्यांच्या वर्गातल्या दोघांच्या घरची शेतं खरडून गेली. जे श्रोते शहरात बसून हे ऐकतायत त्यांच्यासाठी सांगतो. पीक बुडालं तर एक हंगाम जातो. जमीन खरडली तर वरची मातीच जाते, खाली मुरूम उघडा पडतो, आणि बाहेरून गाळ-माती आणून टाकल्याशिवाय तिथं धड काही येत नाही. ट्रॅक्टरच्या खेपांचा तो खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्यातला नसतो.

तर पोरांनी वही उघडली. त्यात तीन प्रश्न लिहिलेले होते. पहिला: तिकीट ठेवायचं की डबा फिरवायचा? दुसरा: एक सर म्हणतात, कार्यक्रमावर खर्च करण्यापेक्षा तोच पैसा सरळ देऊन टाका, हे खरं का? तिसरा: शेवटी त्या दोघांना स्टेजवर बोलावून पाकीट द्यायचं का, आणि कोणाच्या हस्ते?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाकडे लोक सहसा हिशोब घेऊन येत नाहीत, त्यामुळे मला बरं वाटलं. मी त्यांना म्हटलं, पहिला प्रश्न सोपा आहे, दुसरा गणिताचा आहे, आणि तिसऱ्यावर माणसांनी अडीच-तीन हजार वर्षं डोकं चालवलंय. मला जरा वेळ द्या. तो वेळ घेऊन आज इथं उभा आहे. ती पोरं मागच्या दोन रांगांत बसली आहेत. मागे वळून बघू नका, ती लाजतील. (हशा) हा लाजण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. गाण्याचा कार्यक्रम करून मदत गोळा करणं हे टीव्हीवाल्यांनी काढलेलं खूळ आहे, असं माझ्या वयाच्या पुष्कळांना वाटतं. तसं नाही. युरोपच्या संगीतातली एक फार मोठी रचना, हँडलचा 'मसाया', पहिल्यांदा लोकांपुढे आली तीच मदतीच्या कार्यक्रमात. आयर्लंडमधलं डब्लिन शहर, १३ एप्रिल १७४२. पैसा जाणार होता तीन ठिकाणी: शहरातल्या दोन रुग्णालयांना, आणि कर्ज फेडता न आल्यामुळे तुरुंगात पडलेल्या माणसांसाठी. त्या काळी कर्जाच्या पायी माणसाला आत टाकत. गर्दी इतकी होणार होती की बायकांनी घेरदार सांगाडे घातलेले झगे घालून येऊ नये आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, अशी विनंती छापून केली गेली. म्हणजे दाटीवाटीनं बसता येईल. त्यामुळे सुमारे सातशे माणसं मावली. त्या पैशातून १४२ कर्जदार सुटले असं सांगतात.

मला यातलं काय आवडतं सांगू? ते १४२ जण त्या सभागृहात नव्हते. त्यांना कोणी रांगेत उभं केलं नाही, हार घातले नाहीत. लोकांनी गाणं ऐकलं आणि ते घरी गेले. पुढे कधीतरी तुरुंगाचं दार उघडलं.

आता आपल्याकडे या. १९२१ साल. टिळकांना जाऊन वर्ष होत आलेलं, आणि गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपयांचं आवाहन केलेलं. त्यासाठी मुंबईत ८ जुलैला एक नाटक झालं. मराठी रंगभूमीचा इतिहास ज्याला थोडा माहीत आहे तो त्याचं नाव घेताना कानाला हात लावतो: संयुक्त 'मानापमान'. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन एकमेकींशी स्पर्धा असलेल्या कंपन्या एकाच रंगमंचावर आल्या. बालगंधर्व भामिनी, केशवराव भोसले धैर्यधर. तिकिटाला लोकांनी तेव्हाच्या मानानं अफाट पैसे मोजले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवराव गेले, त्यामुळे त्या प्रयोगाची आठवण लोकांच्या मनात अधिकच जपली गेली.

माझ्यासारख्याला त्यात आणखी एक गंमत दिसते. मदतीसाठी नाटक निवडलं ते कोणतं? 'मानापमान'. खाडिलकरांच्या त्या नाटकाचा विषयच असा की पैसा नसलेल्या माणसाचा मान राखायचा की नाही. श्रीमंत मुलगी गरीब वीराला त्याच्या गरिबीपायी नाकारते आणि मग तिचे डोळे उघडतात. निवडताना हा विचार कोणी केला होता असं मी म्हणत नाही. गाजलेलं नाटक होतं, म्हणून निवडलं असेल. पण मदतीच्या प्रत्येक कार्यक्रमाच्या दारावर खरं म्हणजे हीच पाटी लावायला हवी: मान आणि अपमान.

तर आता पोरांचा पहिला प्रश्न. तिकीट की डबा?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत, ते तुमच्यापैकी अनेकांना पाठ असतील. जो परत काही करू शकणार नाही अशाला, योग्य जागी, योग्य वेळी, द्यायला हवं म्हणून दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीच्या आशेनं किंवा मनात कुरकुरत दिलेलं ते राजस. आणि अपमान करून, तुच्छतेनं दिलेलं ते तामस. आता पन्नास रुपयांचं तिकीट काढून मी गाणं ऐकलं तर हे कुठे बसतं? मला तर पन्नास रुपयांचं गाणं मिळालं. मी दिलं कुठे, मी विकत घेतलं! कडक शास्त्री म्हणेल, हे दानच नव्हे, फार तर राजस.

मी इतका कडक नाही. तिकिटाला एक गुण आहे, तो डब्याला नाही. डबा फिरतो तेव्हा प्रत्येकाचा हात दिसतो. शेजारच्यानं शंभराची टाकली म्हणून मी पन्नासाची टाकतो, आणि ज्याच्या खिशात दहाच रुपये आहेत तो डबा जवळ यायला लागला की चप्पल शोधायला उठतो. तिकीट सगळ्यांना सारखं. हमालाचा मुलगा आणि डॉक्टरचा मुलगा एकाच रंगाचा कागद घेऊन आत येतात. म्हणून मी पोरांना सांगितलं: तिकीट ठेवा, थोडं ठेवा, आणि ज्याला जास्त द्यायचं असेल त्याच्यासाठी दाराशी बंद पेटी ठेवा. फिरवू नका, आणि कोणी किती दिले ते माइकवरून वाचू नका. गणपतीत आपण ते वाचतो, मला तेही आवडत नाही, पण तो वेगळ्या दिवसाचा विषय.

दुसरा प्रश्न, 'तेच पैसे सरळ द्या.' हा हलका नाही, आणि ज्या सरांनी तो विचारला त्यांचा मी आदर करतो. वहीतला आकडा असा होता: मंडप, साउंड, लाइट, खुर्च्या, बॅनर आणि प्रमुख पाहुण्यांचा सत्कार मिळून खर्च चौदा हजार. तिकीट पन्नास रुपये, चारशे तिकिटं खपली तर वीस हजार. राहिले किती? सहा. म्हणजे चारशे माणसांनी वीस हजार द्यायचे, त्यातले चौदा मंडपवाल्याला आणि सहा शेताला. त्यातही सत्काराची शाल-श्रीफळं दोन हजारांची! मी विचारलं, पाहुणे कोण? म्हणाले, अजून ठरलं नाही, पण शाल ठरली. (हशा)

याच विषयावर तत्त्वज्ञानात एक गाजलेला निबंध आहे. पीटर सिंगर नावाच्या तरुण तत्त्वज्ञानं तो १९७१ च्या नोव्हेंबरात लिहिला आणि पुढच्या वर्षी तो छापून आला. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित भारतात येत होते तेव्हाची गोष्ट. सिंगर म्हणतात, समजा तुम्ही रस्त्यानं चाललात आणि एका उथळ तळ्यात लहान मूल बुडताना दिसलं. आपलं सरोवर डोळ्यांपुढे आणू नका, गुडघाभर पाण्याचं डबकं समजा. तुम्ही आत शिराल, कपडे चिखलानं खराब होतील, पण मूल वाचेल. कपड्यांसाठी कोणी थांबेल का? नाही. मग ते मूल दहा हजार मैलांवर असलं तर गणित का बदलावं? सिंगरांच्या मते बदलू नये. आपलं फार मोठं नुकसान न होता एखादं वाईट टाळता येत असेल तर ते टाळणं कर्तव्य आहे. ते केलं म्हणून पाठ थोपटून घ्यायचं कारण नाही.

या हिशोबानं पाहिलं तर बुडणाऱ्या मुलासमोर आधी गाण्याचा कार्यक्रम ठेवणं हास्यास्पद आहे. पण त्याच वर्षी, त्याच निर्वासितांसाठी, १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये एक कार्यक्रम झाला. पंडित रविशंकर यांचं मूळ गाव, घराणं तिकडच्या बंगालमधलं. त्यांनी मित्राला, बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन कार्यक्रम झाले, सुमारे चाळीस हजार लोक आले. सतार आणि सरोद जुळवणं चाललं होतं तेव्हाच तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं गाणंच झालं! रविशंकरांनी त्यावर हसून दाद दिली होती. तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर्स युनिसेफला गेले.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्या देशाचं नावसुद्धा त्या तरुणांना माहीत नव्हतं त्याचं नाव रातोरात त्यांच्या तोंडी आलं. सरळ पैसे द्या म्हणणाऱ्याच्या हिशोबात ही रक्कम दिसत नाही. मदत करायला आधी माणसाला ते डबकं दिसावं लागतं. गाणं ते दाखवतं.

पण याच कार्यक्रमात एक फजितीही झाली, ती तर पोरांनी मुद्दाम ऐकावी. पुढे रेकॉर्ड निघाली, चित्रपट निघाला, पुष्कळ पैसा आला, आणि त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षं अमेरिकेच्या करखात्यात अडकून पडला. कारण काय, तर हा धर्मादाय कार्यक्रम आहे याची कागदपत्रं आधी नीट केली नव्हती. मनं साफ होती, पण कागद नव्हता. भुकेलं पोर वाट बघतंय आणि पैसा फायलीत. म्हणून मी या पोरांना म्हटलं, गाण्याची प्रॅक्टिस नंतर, आधी पावतीपुस्तक. आपल्याकडे नोंदणी नसलेल्या मंडळानं लोकांकडून वर्गणी जमवायची तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, कलम ४१ क. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना ते तोंडपाठ असतं. तेव्हा मुलांनी आपल्या नावानं काही करू नये. मुख्याध्यापकांना भेटा, काय लागेल ते शाळेच्या नावानं, विचारून होऊ द्या. पावतीला अनुक्रमांक हवा. आणि कार्यक्रमानंतर चार दिवसांत हिशोब फलकावर लागला पाहिजे, चहाच्या पैशासकट.

महर्षी कर्व्यांच्या चरित्रात हे फार चांगलं दिसतं. अनाथ बालिकाश्रमासाठी माणूस वर्षानुवर्षं पायी हिंडला, घरोघरी तोंड वेंगाडलं, आणि लोकांनी दिलेला पैसा अन्‌पै अन्‌पै जपला. आणि आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा. त्यांचं कीर्तन म्हणजे काय होतं? लोक नाचत, हसत, बाबा प्रश्न विचारत आणि हजारांचा समुदाय उत्तर देई. दगडाच्या देवापुढं ठेवण्यापेक्षा भुकेल्याला घाला, पोरांना शाळेत घाला, एवढंच मागणं. त्यातून पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या, आणि बाबांच्या अंगावर शेवटपर्यंत चिंध्याच होत्या. ते कीर्तन मदतीचा कार्यक्रमच होतं की! फक्त मंडपवाल्याचे चौदा हजार नव्हते.

पोरांनी ते ऐकून वही पुन्हा लिहिली. शाळेचं पटांगण, बसायला दऱ्या, शाळेचाच माइक, कार्यक्रम दुपारी चारला म्हणजे लाइट नको. बॅनर नको, चित्रकलेचे विद्यार्थी कागदावर रंगवतील. शाल बाद. खर्च आला अठराशेवर.

आता तिसरा प्रश्न. त्या दोघांना स्टेजवर बोलवायचं का?

इथं मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. मी ती चाळीस वर्षांच्या नोकरीत वर्गात कधी सांगितली नाही. १९६३ साली मी आठवीत होतो, याच जिल्ह्यातल्या एका गावी. नाव सांगत नाही, शाळा चांगली होती आणि मला तिनंच शिकवलं. वडील आदल्या वर्षी गेलेले. शाळेत गॅदरिंग झालं, त्यात गाण्यांचा कार्यक्रम, तिकीट चार आणे, आणि जमलेला पैसा गरीब विद्यार्थी फंडाला. मी समूहगीतात होतो, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरा. आवाज बरा होता. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि माइकवरून माझं नाव आलं. मला वाटलं गाण्याचं बक्षीस! मी हसत पुढे गेलो.

तिथं एका गुरुजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लोकांना माझ्या घरची परिस्थिती सांगितली. वडील कशानं गेले, आई कोणाच्या शेतावर कामाला जाते, आम्ही भावंडं किती. सगळं खरं होतं. त्यांचा आवाजही भरून आला होता, ते चांगले गृहस्थ होते. मग मला सहा वह्या आणि शर्टाचं कापड मिळालं. लोकांनी गाण्याला वाजवल्या नव्हत्या इतक्या टाळ्या त्याला वाजवल्या. मला रडू आलं, ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं. घरी आलो तर आई म्हणाली, काहून रडून रायला रे, कापड चांगलं तर आहे. कापड खरंच चांगलं होतं, निळ्या रेघांचं. तिनं शर्ट शिवून घेतला आणि मी तो दोन वर्षं वापरला. त्या दोन वर्षांत कोणी ना कोणी विचारायचंच, हाच का रे तो शर्ट? मी समूहगीतात पुन्हा उभा राहिलो नाही.

माझी काही तक्रार नाही. वह्या मी वापरल्या, शिकलो, पोटाला लागलो. पण पुढे तत्त्वज्ञान वाचायला लागलो तेव्हा या एका प्रसंगासाठी मी बरीच पुस्तकं वाचली असावीत असं आता वाटतं. मला कळून घ्यायचं होतं की त्या दिवशी चुकलं काय. कोणी वाईट वागलं नव्हतं, पैसा खाल्ला नव्हता, मदत योग्य मुलाला मिळाली होती. मग?

पहिलं उत्तर मिळालं ते मार्सेल मॉस या फ्रेंच विद्वानाकडे. १९२५ च्या सुमारास त्यानं भेटवस्तूंवर एक छोटंसं पुस्तक लिहिलं. पॅसिफिकमधल्या बेटांपासून आपल्या महाभारताच्या अनुशासनपर्वापर्यंत सगळीकडचं दान त्यानं तपासलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की देणं कधीच एकेरी नसतं. देणं, घेणं आणि परत करणं अशी तीन बंधनं असतात. ज्याला परत करताच येत नाही तो देणाऱ्याच्या खाली जातो. आपण नाही का, शेजारणीनं वाटीभर काही पाठवलं तर वाटी रिकामी परत करत नाही? दोन दाणे साखर तरी घालतोच. त्या दिवशी स्टेजवर माझ्या हातात वाटी आली आणि चारशे लोकांसमोर कळलं की आमच्या घरात घालायला साखर नाही.

दुसरं उत्तर कांटकडे. १७९७ च्या त्याच्या नीतिग्रंथात तो म्हणतो, ज्याच्याकडे आहे त्यानं देताना असं वागावं की समोरच्यानं ते स्वीकारून आपल्यावरच उपकार केलाय. शक्य असेल तर गुपचूप द्यावं. आणि पुढं तो एक टोचणारा प्रश्न विचारतो: श्रीमंताकडे देण्याजोगं उरतं ते पुष्कळदा व्यवस्थेतल्या अन्यायामुळेच, मग त्याला औदार्य म्हणायचं का? आता हे खरडलेल्या शेताला लावून बघा. सोयाबीनचा भाव पडला की आपलं तेल परवडतं. तेल खाणाऱ्यानं शेताच्या मातीसाठी पन्नास रुपये दिले तर तो दाता झाला की देणेकरी?

आणि तिसरं उत्तर सगळ्यात जवळ होतं, ते मी सगळ्यात उशिरा वाचलं. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य निरोपाचा उपदेश करतात. म्हणजे तो उपदेश विद्यार्थ्यांनाच आहे, आपल्या दहावीच्या सेंड-ऑफसारखा. त्यात दान कसं करावं ते येतं. श्रद्धेनं द्यावं हे तर आहेच. पण पुढं म्हटलंय की देताना लाजावं, आणि भ्यावं. कोणी लाजावं? देणाऱ्यानं! यावर भाष्यं पुष्कळ आहेत, मी माझ्यापुरता सरळ अर्थ घेतो. माझ्याकडे जास्त आहे, याच्याकडे नाही, आणि त्यात माझं कर्तृत्व फारसं नाही, याची लाज. आणि माझ्या देण्यानं याला खाली तर बघावं लागणार नाही ना, याची भीती. १९६३ च्या त्या स्टेजवर लाज होती, पण ती सगळी एकट्या मुलाच्या वाट्याला आली होती.

मग स्टेजवर जायचंच नाही का? असंही नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद पाहिला असेल तुम्ही. अंध, अपंग, कुष्ठरोगातून बरे झालेले लोक त्यात गातात, वाजवतात. ते स्टेजवरच असतात की. पण तिथं ते कलावंत म्हणून उभे असतात, आपण तिकीट काढून त्यांचं ऐकतो आणि दाद देतो. त्यांच्या वाटीत साखर असते.

आणखी एक उदाहरण, यातून आम्हा मास्तर लोकांना फार शिकता आलं. १९८०च्या दशकात महाराष्ट्रात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले यांच्यासारखे मोठे नट एकत्र आले आणि अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे प्रयोग गावोगाव केले. जमलेल्या पैशाचा निधी केला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं ठरलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनीही त्यासाठी खूप धडपड केली. खेळ विनोदी, लोक पोट धरून हसायचे. पण त्या निधीचं नाव काय ठेवलं बघा: 'सामाजिक कृतज्ञता निधी'. साहाय्य निधी नव्हे, मदत निधी नव्हे. म्हणजे पैसे देणाराच कृतज्ञ. तुम्ही आमच्या वाट्याचं काम करताय, त्याची ही थोडी परतफेड. एका शब्दानं देणारा आणि घेणारा यांच्या जागा बदलल्या. कार्यकर्त्याला मान खाली घालायचं कारणच उरलं नाही.

आता शेतकऱ्याच्या बाबतीत हे जमेल का? का नाही जमणार? त्याचंच पिकवलेलं आपण सगळे खातो.

तर मी पोरांना एवढंच विचारलं: त्या दोघांना विचारलंत का? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. कार्यक्रमाचं नाव ठरलं होतं, शाल ठरली होती, निवेदनात 'आपले दुर्दैवी मित्र' असं वाक्यही लिहून झालं होतं. पण त्या दोघांशी कोणी बोललंच नव्हतं. सरप्राइज द्यायचं होतं म्हणे!

आपण लोणारची माणसं आहोत, आपल्याला हे कळायला हवं. जगभरातून लोक येतात, विवर बघतात, दैत्यसूदनाचं मंदिर बघतात, धारेवर फोटो काढतात आणि जातात. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा तर विचारू नका. सरोवराला कोणी फोटो काढू का असं विचारत नाही, आणि त्याचं त्याला काही वाटत नसेल. माणसाला वाटतं.

पोरं गेली आणि चार दिवसांनी परत आली. या वेळी त्या दोघांपैकी एक सोबत होता. तो म्हणाला, सर, मी ढोलकी वाजवतो, मला कार्यक्रमात घेतलं नसतं तर राग आला असता. पण माझं नाव सांगू नका. दुसरा आला नाही. त्यानं निरोप पाठवला होता की त्याला यातलं काहीच नको, त्याच्या काकांनी माती टाकून देण्याचं कबूल केलंय. पोरांना वाईट वाटलं. एक मुलगी तर म्हणाली, त्याच्यासाठीच तर करतोय आणि तोच नाही म्हणतो! मी तिला म्हटलं, नाही म्हणता येणं हा त्याचा हक्क आहे, तो त्याच्याकडे आहे हे चांगलंच आहे.

मग त्यांचं त्यांनीच ठरवलं. पैसा दोघांच्या नावानं न जमवता शाळेतल्या ज्या ज्या घरांची जमीन खरडली त्यांच्यासाठी जमवायचा. अशी घरं नऊ निघाली. पोरांना दोनच माहीत होती, कारण बाकीचे बोलले नव्हते. यादी फक्त मुख्याध्यापकांकडे आणि एका बाईंकडे राहील. पैसे रोख द्यायचे नाहीत, ट्रॅक्टरवाल्याला मातीच्या खेपांचे परस्पर द्यायचे. 'दुर्दैवी मित्र' हे वाक्य खोडलं. स्टेजवर ढोलकीवाला असेल, आणि तो ढोलकी वाजवेल. बस्.

वेळ झाली. दोन-तीन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांमधून एक गृहस्थ: सर, पंचनामे होऊन सरकारी मदत मिळते ना? मग मुलांनी हे कशाला करावं?)

बरोबर आहे तुमचं, आणि ती मदत मागायलाच हवी. ती हक्काची आहे, तिथं कोणी कृतज्ञ व्हायचं कारण नाही. मुलांनी नऊ घरांचे अर्ज झाले का हे बघितलं तर तेही मोठं काम होईल. दोन घरांनी अर्जच केला नव्हता, तलाठ्याकडे कोण जाणार म्हणून. आता त्या वहीत कार्यक्रमाच्या आधी एक पान त्याचं आहे. पण सरकार ढोलकी वाजवत नाही, आणि शेजारच्या बाकावरचा मुलगा आठ दिवस का आला नाही हेही विचारत नाही.

(एक शिक्षिका: पण सर, मदत कोणाला मिळाली हे लोकांना दिसलं नाही तर पुढच्या वेळी ते देतील का? लोकांना विश्वास कसा बसणार?)

हा खरा पेच आहे, बाई, आणि तो पूर्ण सुटत नाही. आकडे दाखवा, चेहरे नको, हे माझं उत्तर. किती जमले, किती खेपा टाकल्या, कोणत्या तारखांना, हे फलकावर लावा. थोडे लोक कमी देतील, मान्य. तेवढा तोटा सोसावा असं मला वाटतं. तुम्हाला नाही वाटलं तर आपण भांडू शकतो.

(मागच्या रांगेतली मुलगी: सर, तुम्ही नंतर कधीच गायलात नाही का?)

नाही ग. म्हणजे न्हाणीघरात गातो, ते घरचे सहन करतात. (हशा) काय म्हणतेस? समूहगीताला मोठी माणसं हवीत? कोणतं गाणं आहे ते आधी सांग, आणि शब्द मोठ्या अक्षरात लिहून आण. मला दुसऱ्या रांगेत उभं करा, डावीकडून तिसरा.